रात्री लागलेलं सूर्यग्रहण

धारूर, २२ जानेवारी २०२५

सोमनाथ,

नावाच्या आधी काहीतरी मायेचं लिहावं म्हणून दोनदा पेन टेकवलं, पण शब्द उतरेना. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पोस्टानं. पत्राला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, ते तुझं तू बघ.

रविवारी मी धर्मापुरीला आले ती बारशासाठी. भाचीचं नाव आत्यानं ठेवायचं असतं, कानात कुर्र आत्यानं करायचं असतं. पिशवीत कुंची होती, पाळण्याला बांधायला लोकरीचे गोंडे होते, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवून आणले होते. दारात पाळणाच नाही. आई अंगणात बसून मेंढीच्या अंगातले काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाचं बारसं गं बबिता? गिराणानं तोंड खाल्लंय पोरीचं. नाव ठिवून कुणाला सांगायचंय?"

तुझी बायको, योगिता, मला मेंढ्यांच्या वाड्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोपटात सापडली. एवढ्या थंडीत ओली बाळंतीण. पोरीच्या तोंडावर ओढणी टाकलेली, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. मी ती काढली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आहे, बस. बाकी पोरगी हातपाय झाडत होती, डोळे फिरवून माझ्याकडे बघत होती. मला शिसारी आली ती ओठाची नाही. त्या ओढणीची आली.

आणि तू? तू टिपर लावून दारात उभा होतास, हातात मोबाईल. "अक्का, तू मधी पडू नको. महाराजांनी तारीख काढून दावलीय. सर्वपित्रीला सूर्यग्रहण हुतं. हिनं त्या दिवशी भोपळा चिरला. पोटातल्या पोरीचा व्हट चिरला." हे तू योगितासमोर म्हणालास. ती खाली बघून म्हणाली, "आत्याबाईंनीच चिर म्हनलं हुतं." त्यावर आई म्हणाली, "मला काय म्हाईत गिराण हाय म्हनून?"

म्हणजे चिरायला सांगणारीला माहीत नव्हतं, खाणाऱ्यांना माहीत नव्हतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. पोर जन्मल्यावर त्या मोबाईलमधल्या महाराजानं मागची तारीख उकरून काढली, आणि सगळ्या घराला एकदम आठवलं की विळीवर कोण बसलं होतं.

त्या सर्वपित्रीला मीही तिथं होते. गांधी जयंतीची सुट्टी होती शाळेला. ती भोपळ्याची भाजी मी खाल्ली, आणि तू दोनदा वाढून घेतलीस.

योगिताला आणि पोरीला मी तिच्या वडिलांकडे, आसारामभाऊंकडे सोडलं आहे. शोधायला येऊ नकोस. येणार नाहीसच म्हणा.

बबिता


धारूर, ९ फेब्रुवारी २०२५

सोमनाथ,

तुझं उत्तर नाही. तुझ्या दाजींना, अंगदरावांना, मात्र तू महाराजाचा व्हिडिओ पाठवलास. मी तो पूर्ण बघितला. मागं बासरी वाजते, पुढं हा गृहस्थ गंध लावून बसलाय, आणि गरोदर बाईनं ग्रहणात सुई धरली तर काय, कात्री धरली तर काय, हे भाजीच्या भावासारखं सांगतोय. बघून झाल्यावर मी तोंड धुऊन आले. खरंच सांगते, तोंड धुवावंसं वाटलं.

मी सातवीला विज्ञान शिकवते. तुला शिकवायची माझी इच्छा नाही, पण त्यावाचून सुटका नाही म्हणून शिकवते.

तू लहानपणी बाबांच्या मागं मेंढरं घेऊन घाटाला आला आहेस. ढग येतो, त्याची सावली एका डोंगरावर पडते आणि पलीकडच्या डोंगरावर कडक ऊन असतं, हे तू हजारदा बघितलं असशील. धारूरच्या घाटावर सावली पडली म्हणून धर्मापुरीतल्या माणसाचं डोकं थंड होतं का? सूर्यग्रहण म्हणजे तेवढंच. चंद्र फिरता फिरता सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो. त्याची सावली पृथ्वीवर पडते. ज्या मुलखावरून ती सावली जाते, त्या मुलखातल्या माणसाला सूर्य झाकलेला दिसतो. बाकी जगाला नाही.

एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकतो कसा, असं माझ्या वर्गातली पोरंही विचारतात. परळीला जाताना थर्मल वीजकेंद्राची उंच चिमणी दिसते. गाडी थांबव, एक डोळा मीट आणि अंगठा धर. सगळी चिमणी अंगठ्यामागं जाते. अंगठा मोठा नाही, जवळ आहे. चंद्र सूर्याच्या साधारण चारशेपट लहान आहे, आणि सूर्य त्याच्या साधारण चारशेपट लांब आहे. म्हणून दोघं आपल्याला सारख्याच आकाराचे दिसतात आणि एकानं दुसऱ्याला झाकता येतं. चंद्र जरा लांबच्या टप्प्यावर असला की पुरता झाकत नाही, कडेनं बांगडी उरते.

आता तुझ्या सर्वपित्रीचं ऐक. त्या दिवशी अशी बांगडी दिसली, हे खरं. कुठं? दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आणि समुद्रात. किती वाजता? आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते तेव्हा ते सुरू झालं. रात्री, सोमनाथ. सूर्य आपल्या पायाखाली होता, पृथ्वीच्या त्या बाजूला. तू जेवून घोरत होतास. योगिता भांडी घासून आडवी झाली होती. भोपळा सकाळीच चिरून, शिजून, तुझ्या पोटात गेला होता. जे ग्रहण लागायला अजून सगळा दिवस जायचा होता, जे लागलं तेव्हा आपल्याकडे सूर्यच नव्हता, ते सकाळच्या विळीवर येऊन बसलं!

रात्री सूर्यग्रहण लागलं म्हणून बायकोला खोपटात टाकणारा नवरा बीड जिल्ह्यात माझाच भाऊ निघावा, याची मला लाज वाटते. लाजेपेक्षा किळस जास्त.

आणि एक. मेंढीचा वरचा ओठ कसा असतो? मधोमध फाटलेला असतो. आपल्या वाड्यातली प्रत्येक मेंढी ग्रहणात जन्मली का? तिच्या आईनं कोणता भोपळा चिरला?

पोरीचं वजन वाढतंय. परवा तिनं पहिल्यांदा हसल्यासारखं केलं. योगिता काल माझ्या पोळपाटावर भाकरी थापत म्हणाली, "अक्का, ही हसली की लई चांगली दिसती हो."

बबिता


धारूर, ४ मार्च २०२५

सोमनाथ,

माझ्या पोळपाटावर म्हणून मी लिहून गेले, आणि तू नेमकं तेवढंच वाचलंस. बरोबर आहे, ती माझ्याकडे आहे. आसारामभाऊंकडे चारच दिवस होती. तिथंही बायका पदराआड तोंड करून पोरीला बघायला यायला लागल्या.

ओठाच्या ऑपरेशनचं अंगदरावांनी तुला सांगितलं, तेव्हा तुझा आवाज ऐकला. अंगदरावांनी फोन स्पीकरवर लावला होता, योगिता समोरच बसली होती. "अक्काला सांगा, बाप मी हाय. माझ्या सहीबिगर पोरीला ब्लेड लागता कामा न्हाई. एकोणतीस मार्चला ग्रहण हाय, त्या दिवशी परळीला शांती करायची. तवर न्हाई, आन् त्याच्यापुढं चाळीस दिवस न्हाई. महाराज म्हनले, आदी शिवलं तर दोष आतच शिवला जाईल."

दोष आत शिवला जाईल. हे वाक्य मी दिवसभर शाळेत डोक्यात घेऊन फिरले. फळ्यावर लिहिताना खडू मोडला. तू असा नव्हतास रे. पहिलटकरीण मेंढी अडली तर रात्रभर तिच्यापाशी बसणारा होतास. आता तुझी स्वतःची पोर खोपटात पडली होती तेव्हा तिचा पापा घ्यायच्या ऐवजी तू तिचा फोटो महाराजाला पाठवलास.

आईच्या घरात भिंतीला जे कॅलेंडर आहे ना, देवाच्या फोटोचं, ते काढून बघ. एकोणतीस मार्चच्या चौकोनात बारीक अक्षरात छापलंय, भारतात दिसणार नाही, म्हणून पाळू नये. ग्रहण मानणाऱ्यांचं शास्त्रही हेच सांगतं. तुझा महाराज त्या शास्त्राचाही नाही. तो फक्त मोबाईलचा आहे.

तू म्हणशील, अमावास्या तर आहे, ग्रहणही आहे म्हणतात, मग दिसत कसं नाही? तू ड्रायव्हर आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. रस्ता आणि रेल्वेचा रूळ. बहुतेक ठिकाणी एक वरून जातो, एक पुलाखालून. तू वर, गाडी खाली, कुणी कुणाला आडवं येत नाही. फक्त फाटकावर दोघं एका पातळीवर येतात. चंद्राचा रस्ता सूर्याच्या रस्त्याला जरा तिरका आहे, पाचेक अंशांनी. म्हणून दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असला तरी त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. दोन रस्ते जिथं एकमेकांना छेदतात अशी दोनच फाटकं आहेत. अमावास्या नेमकी त्या फाटकाजवळ आली तरच ग्रहण. त्या दोन जागांनाच आपण राहू आणि केतू म्हणतो. तिथं राक्षस बसलेला नाही. काहीच नाही तिथं, नुसती रिकामी जागा.

एकोणतीसला तर सावलीचा गाभा पृथ्वीला टेकणारही नाही, उत्तर टोकाच्या वरून निसटेल. युरोपात वगैरे कडेची फिकट सावली पडेल, सूर्याचा एक लचका तुटल्यासारखा दिसेल. परळीत दुपारी तुझ्या डोक्यावर सबंध सूर्य असेल. नुसत्या डोळ्यांनी वर बघू नकोस, डोळे जातील. लिंबाखाली उभा राहा. पानांतून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात ना, ती सूर्याचीच चित्रं असतात. २०१९ च्या डिसेंबरात ग्रहण दिसलं होतं आपल्याकडे, तेव्हा आपल्या लिंबाखाली सगळे कवडसे कोयत्यासारखे वाकडे झाले होते. तूच मला हाक मारून दाखवलं होतंस. ग्रहण बाधू नये म्हणून आईनं गाभण मेंढ्यांच्या पोटाला गेरू फासला होता, आणि अर्ध्या मेंढ्या तो चाटून मोकळ्या झाल्या होत्या. कोकरं सगळी धडधाकट निघाली.

लातूरच्या दवाखान्यात बाहेरचे डॉक्टर येतात, वर्षातून एकदोनदाच. त्यांनी सत्तावीस मार्च दिली आहे. पोरीचं वजन भरलंय, रक्त चांगलं आहे. ही तारीख गेली तर पुढची कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही.

पण तू बाप आहेस. तू नको म्हणतोस, तर बघू. मी काय, आत्या आहे.

बबिता


लातूर, २९ मार्च २०२५, संध्याकाळ

सोमनाथ,

गावाचं नाव वाचलंस ना? हो, लातूर.

'बघू' म्हणून मी तुला लिहिलं तेव्हाच माझी बॅग भरलेली होती. खोटं बोलले आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. परवा सकाळी पोरीचं ऑपरेशन झालं. नीट झालं. वरच्या ओठावर टाक्यांची बारीक रेघ आहे, सूज आहे, पण ओठ ओठासारखा आहे.

तुझ्या सहीचा विषय योगितानंच काढला. आत जायच्या आधी कागद पुढे आला, तेव्हा तिनं तो उलटा करून ठेवला. म्हणाली, "मालक आल्याबिगर चालतं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आई आहात ना? मग तुमची पुरे." योगितानं कागद सुलटा केला. तिनं सही केली, आणि पेन परत द्यायचंच विसरली. दिवसभर ते तिच्या मुठीत होतं.

तिनं डॉक्टरीणबाईंना दुसरंही विचारलं. मी बाजूलाच होते. "म्याडम, म्या भोपळा चिरला हुता. सातव्यात." त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळायचा असतो. तुमचा दुसरा महिना मे-जूनमध्ये होता. सातव्यात तुम्ही काहीही चिरलं असतं, तरी तोवर ओठाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. का जुळत नाही, ते पुष्कळदा आम्हालाही कळत नाही. पण आईच्या हातून झालेलं नसतं." योगिता ते ऐकून जी रडायला लागली, ती थांबेना. तीन महिने ती रात्री उठून स्वतःचे हात बघत बसायची. तू आणि आईनं तिला तिच्याच हातांची भीती घातलीत. याला मी माफ करू शकत नाही. प्रयत्न करून बघितला.

दवाखान्याच्या कागदावर 'योगिताचे बाळ' एवढंच लिहिलं होतं. वॉर्डातल्या नर्स म्हणाल्या, नाव ठेवा की. म्हणून काल तिथंच, सलाईनच्या बाटलीखाली, मी तिच्या कानात कुर्र केलं. रेवती. योगितानं सांगितलेलं नाव, माझं काही नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं घुगऱ्यांच्या ऐवजी खारे शेंगदाणे वाटले.

आज दुपारी मी दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली उभी राहिले. कवडसे सगळे गोल. सावली तिकडं वरच्या टोकाला असेल, इथं नाही. त्याच वेळी तू परळीत भर उन्हात, सबंध सूर्याखाली, ग्रहण सुटावं म्हणून अंगावर पाणी ओतून घेत असशील. काळी मेंढीही दिलीस म्हणे. मला तुझी कीव यायला हवी होती. येत नाही.

बबिता


धारूर, २७ एप्रिल २०२५

सोमनाथ,

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पुढे केला. "बबिताताई, बघा हो, किती छान झालं या बाळाचं." बासरी वाजली आणि मी ओळखलं. डावीकडं खोपटातल्या रेवतीचा फोटो, उजवीकडं आत्ताचा. मधे महाराज हात उंचावून. 'ग्रहणशांतीनंतर एका महिन्यात ओठ जुळला.'

टाके दिसतायत रे त्या फोटोत! रेघ दिसते, सुईची भोकं दिसतात. ज्या बाईनं पोरीला टेबलावर घेतलं, ज्या आईनं सही केली, त्या कुठंच नाहीत. आणि तू तो फोटो आसारामभाऊंकडून नातीची आठवण म्हणून मागून घेतलास. ते बिचारे मला म्हणाले, "मला वाटलं, बापाचं काळीज इरघळलं."  शाळेतला माझा डबा मी तसाच बंद केला.

आता तू निरोप धाडलास, शांती लागू पडली, पोर शुद्ध झाली, अक्षय तृतीयेला गाडी घेऊन येतो, दोघींना नेतो, आईनं पुरण घालायचं ठरवलंय.

मी तो निरोप योगिताला जसाच्या तसा सांगितला. माझ्याकडून एक शब्द घातला नाही. तिनं रेवतीला आधी झोपवलं. मग जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण इतके दिवस तुझ्याशी मीच बोलत आले.

"अक्का, त्यास्नी म्हणावं, शांती लागू पडली तर मग टाळू कावून उगडी हाय? व्हट वरून जुळला, आतलं टाळूचं भोक अजून तसंच हाय. जन्मल्यापासून हाय. त्येचं आपरेशन वर्साची झाल्यावर हाय. महाराजाला म्हाईत न्हाई, ते ठीक. बापाला कावून म्हाईत न्हाई?"

खरं आहे, सोमनाथ. टाळूचं मी तुला एकाही पत्रात लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं, एकदा तरी विचारशील, दूध कशी पिते. चार महिन्यांत तू ग्रहण विचारलंस, सही विचारलीस, फोटो विचारलास.

पुढचं सूर्यग्रहण सप्टेंबरात आहे, पुन्हा सर्वपित्रीलाच, पुन्हा आपल्याकडे रात्री, दुसऱ्या मुलखात. महाराज टाळूसाठी ती तारीख देईल. ती घेऊन इथं येऊ नकोस.

पण योगितानं दार बंद केलेलं नाही. मी केलं असतं. ती म्हणते, येऊ द्या. आईला आणू नका, गाडी सजवू नका, एकट्यानं येऊ द्या. आल्यावर तुला चहा मिळणार नाही, बसायलाही कुणी म्हणणार नाही. ती तुझ्या मांडीवर रेवतीला देणार आहे आणि हातात वाटी-चमचा. पोरीला उभी धरावी लागते, चमचा ओठाच्या कडेला लावावा लागतो, थेंबाथेंबानं, नाहीतर दूध नाकातून बाहेर येतं आणि ती गुदमरते. एक वाटी संपायला तास जातो. योगिता हे दिवसातून आठ वेळा करते.

एक वाटी पाजून दाखव. मधेच फोन वाजला तर उचलायचा नाही. नाकातून दूध आलं तर ओढणी शोधायची नाही, स्वतःच्या हातानं पुसायचं. तेवढं जमलं, तर पुढचं ती तुझ्याशी बोलेल. नाही जमलं, तर रेवतीला माझ्याकडे दे आणि आल्या रस्त्यानं परत जा.

येताना हात स्वच्छ धुऊन ये.

बबिता